वावरात चालणारी कुबडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात आम्ही वाचकांना एका विषयावर प्रश्न विचारण्याचे आवाहन केले होते. विद्यार्थी आणि दिव्यांग व्यक्ती एकत्र बसून कमी खर्चाची सहायक साधने घडवू लागले आहेत, त्या कामाविषयीचे प्रश्न हवे होते. विदर्भातील खेड्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे मी स्वतः एका पायात कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) आणि हातात कुबडी वापरते, आणि काही वर्षांपासून वर्धा जिल्ह्यात तंत्रनिकेतन व आयटीआयच्या विद्यार्थ्यांबरोबर हेच काम करते. त्यामुळे पुढील उत्तरांत साधन वापरणारीचा अनुभव आहे आणि ते बनवणाऱ्यांबरोबर बसणारीचाही आहे.

प्रश्न : ताई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला शिकणारे चार विद्यार्थी आहोत. आमच्यापैकी एकाच्या गावात पन्नाशीचे एक अंध काका आहेत. कॅपस्टोन प्रोजेक्ट, म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, म्हणून त्यांना सेन्सर बसवलेली काठी करून द्यायची असे आम्ही ठरवले आहे आणि सरांनी विषय मंजूर केला आहे. ही काठी कमीत कमी खर्चात कशी करता येईल?

तुमच्या पत्रात काकांचे वय आहे, गाव आहे, सेन्सर आहे, सरांची मंजुरी आहे. काका काय म्हणाले ते मात्र कोठेच नाही. म्हणून खर्चाकडे वळण्याआधी त्याबद्दल लिहिते.

साधी पांढरी काठी हे फार विचारपूर्वक घडलेले साधन आहे. तिच्या टोकातून जमिनीचा पोत हाताला कळतो, ठोक्याच्या आवाजावरून समोर भिंत आहे की मोकळी जागा आहे हे कानाला कळते, खड्डा किंवा पायरी एक पाऊल आधी समजते, तिला चार्जिंग लागत नाही आणि समोरून येणाऱ्या गाडीवाल्यालाही ती सावध करते. तिची एक उणीव मात्र खरी आहे. टोंगळ्याच्या (गुडघ्याच्या) वर असलेला अडथळा तिला सापडत नाही. वाकलेली बाभळीची फांदी, तुराट्या भरून उभी असलेली बैलगाडी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे उघडे राहिलेले फाळके, रस्त्याच्या बाजूला उघडणारी खिडकी, या गोष्टी काठीला न लागता थेट छातीला किंवा कपाळाला लागतात. आयआयटी दिल्लीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली ‘स्मार्टकेन’ नेमक्या याच उणिवेवर केलेली आहे. ती पांढरी काठी बाजूला सारत नाही, तर घडीच्या काठीच्या वरच्या भागावर बसते आणि समोरच्या अडथळ्याची सूचना कंपनातून हाताला देते. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेले हे काम दृष्टिहीन वापरकर्त्यांबरोबर पुन्हा पुन्हा तपासत २०१४ साली बाजारात आले आणि तेव्हा तिची किंमत सुमारे तीन हजार रुपये होती. वर्षानुवर्षांच्या कष्टाने जे उभे राहिले आहे, ते एका सत्रात पहिल्यापासून करण्याचा अट्टहास का धरावा, हा प्रश्न तुम्ही एकदा आपापसांत विचारून पाहा.

आता काकांकडे जा, पण मोजपट्टी घेऊन जाऊ नका. त्यांची परवानगी घेऊन एक पूर्ण दिवस त्यांच्याबरोबर काढा. पहाटे ते परसाकडे कसे जातात, पाणी कोठून घेतात, दुकानात पैसे कसे देतात, दुपारी कोणाच्या ओसरीवर बसतात, औषधाच्या दोन सारख्या पट्ट्यांतली कोणती सकाळची हे कसे ओळखतात, आणि दिवसभरात कोणत्या क्षणी त्यांना दुसऱ्याला हाक मारावी लागते, हे सारे लिहून ठेवा. दुसऱ्याला हाक मारण्याचा तो क्षण फार महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक वेळा साधनाची खरी जागा तिथेच सापडते. गावातल्या वाटा त्यांना पाठ असतील आणि त्रास नोटा ओळखण्याचा असेल, तर त्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ नावाचे मोफत अॅप दिलेले आहे. मग तुमचे काम ते अॅप त्यांच्या फोनवर बसवणे आणि फोनमधील टॉकबॅक ही बोलणारी सोय मराठीतून वापरायला शिकवणे, एवढेच उरते. त्यात वायर नाही आणि सोल्डरिंगही नाही, म्हणून तो प्रकल्प ठरत नाही असे कोणी म्हणू नये.

आणि काकांनीच सांगितले की होय, कपाळाला फांदी लागते, गेल्या पावसाळ्यात डोळ्याशेजारी जखम झाली होती, तर मग जरूर सेन्सर हाती घ्या. बाजारात सहज मिळणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर ४० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडतो आणि साधारण २ सेंटिमीटरपासून ४ मीटरपर्यंतचे अंतर मोजतो. पण त्याच्या लहरी ज्या शंकूच्या आकारात पसरतात तो अरुंद असतो, तिरक्या पृष्ठभागावरून लहर भलतीकडे वळते आणि मऊ कापड ती शोषून घेते. वाळत घातलेले लुगडे आणि पानांनी लगडलेली फांदी यांवर तो कसा वागतो, हे प्रयोगशाळेच्या गुळगुळीत भिंतीसमोर कधीच कळणार नाही. त्याची परीक्षा काकांच्या वाटेवर, काकांच्या हातात घ्या. सूचना आवाजाने देऊ नका. दृष्टिहीन व्यक्तीचे कान आधीच कामात असतात.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. काका तुमच्यासाठी दिवस मोडणार असतील, तर त्या दिवसाची मजुरी तुमच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात धरा, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर, त्यांची संमती असेल तर, तुमच्या चौघांच्या नावांबरोबर त्यांचे नाव रचनाकार म्हणून लिहा. ‘लाभार्थी’ हा शब्द तेथे नको.

प्रश्न : मी समुद्रपूर तालुक्यातील एका गावात राहते. माझा एक पाय लहानपणापासून अधू आहे आणि मी कुबडी घेऊन निंदणाला आणि वेचणीला जाते. तीन वर्षांत दोनदा कॉलेजची मुले आली. त्यांनी मापे घेतली, फोटो काढले आणि कार्यक्रम करून साधन दिले. पहिले दोन महिन्यांत मोडले, दुसरे इतके जड आहे की ते कोपऱ्यात पडून आहे. आता आणखी एक गट येणार आहे. मुले मनाने चांगली आहेत, त्यांना नाही म्हणवत नाही. मी काय करावे?

सर्वप्रथम, ते साधन कोपऱ्यात पडले याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. लोक सहायक साधने का टाकून देतात याचा अमेरिकेत एक अभ्यास झाला होता आणि तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात २२७ प्रौढ व्यक्तींना विचारले असता २९.३ टक्के साधने पूर्णपणे सोडून दिलेली आढळली. जी कारणे ठळकपणे पुढे आली, त्यांत साधन निवडताना वापरणाऱ्याचे मत विचारातच घेतले नव्हते हे एक होते, आणि साधन फार सहजपणे हातात पडले होते हेही एक होते. तुमच्या दोन्ही अनुभवांचे वर्णन याहून नेमके काय करावे?

आपल्या देशात याचे उलट उदाहरणही आहे. जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय घडवला, तेव्हा परदेशी पद्धतीचा पाय उपलब्ध नव्हता असे नाही. तो पाय बुटात घालावा लागे, त्याने उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे आणि चिखलात अनवाणी उतरता येत नसे; म्हणून रुग्ण तो घरी नेऊन बाजूला ठेवत. रुग्ण साधन टाकून देतात याचा अर्थ साधनात खोट आहे, असे त्या दोघांनी मानले आणि रबराचा, अनवाणी चालणारा, मांडी घालू देणारा पाय तयार झाला. टाकून दिलेले साधन हीच तेथे सुरुवात ठरली. म्हणून तुमच्या कोपऱ्यातली ती जड वस्तू नव्या मुलांच्या हातात द्या आणि ती तुम्ही कोणत्या दिवशी, कोणत्या कामात, कोणत्या जागी सोडून दिली हे त्यांना सविस्तर सांगा. त्यांच्या अभ्यासक्रमातले पहिले पुस्तक ते आहे.

नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, परंतु अटी घालण्याचाही आहे, आणि मला दुसरा मार्ग अधिक उपयोगाचा वाटतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करारनामा संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ मध्ये संमत केला आणि २००७ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. दिव्यांगांशी संबंधित निर्णय त्यांच्याशी विचारविनिमय करूनच घ्यावेत आणि सहायक साधनांच्या संशोधनात परवडणाऱ्या साधनांना प्राधान्य द्यावे, अशा दोन्ही गोष्टी त्यात नमूद आहेत. तेव्हा पहिल्याच बैठकीत पुढील गोष्टी स्पष्ट विचारा. मोडल्यावर हे साधन माझ्या गावातला वेल्डिंगवाला किंवा सायकल दुकानदार दुरुस्त करू शकेल का? लागणारा भाग समुद्रपूर किंवा हिंगणघाटच्या बाजारात मिळेल का? तुमचे निकाल लागल्यानंतर तुमच्यापैकी कोण, किती दिवसांनी परत येणार? फोटो माझ्या परवानगीशिवाय कोठे छापणार नाही ना? आणि शेवटी, अर्धवट तयार असतानाच ते मला पंधरा दिवस वापरायला द्याल का? या शेवटच्या प्रश्नाला जो गट आनंदाने हो म्हणेल, त्याच्याबरोबर काम करा.

तुमचे काम वावरातले आहे, म्हणून आमच्या गटातला एक अनुभव जरा विस्ताराने लिहिते. आमच्याबरोबर काम करणाऱ्या एक शेतमजूर बाई तुमच्याप्रमाणेच कुबडीवर जातात. काळ्या जमिनीत पाऊस पडला की कुबडी रुतते आणि सगळा भार एका बाजूला जाऊन तोल जातो, ही त्यांची अडचण होती. मुलांनी गणित बरोबर मांडले. कुबडीच्या रबरी बुचाचा व्यास सुमारे ५ सेंटिमीटर असतो. त्याखाली १५ सेंटिमीटरची तबकडी बसवली तर व्यास तिप्पट होतो, क्षेत्रफळ नऊपट होते आणि जमिनीवरचा दाब नवव्या हिश्शावर येतो. तबकडी बसवली, कुबडी रुतायची थांबली, आणि नवीच अडचण उभी राहिली. ती उचलताना निघेना. ओल्या मातीने ती धरून ठेवली आणि प्रत्येक पावलाला बाईंचा खांदा ओढला जाऊ लागला. मुले भोके पाडण्याच्या, मोठा दांडा लावण्याच्या गोष्टी बोलत होती. बाई धुऱ्यावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “बैलाचा पाय पाहा ना पोरंहो, गाऱ्यातून कसा निंगते.” बैलाचा खूर दुभंगलेला असतो, भार पडला की त्याचे दोन भाग फाकतात आणि पाय उचलताना ते जवळ येतात, त्यामुळे आत हवा शिरते आणि पाय सुटतो. मुलांनी दुचाकीच्या जुन्या टायरच्या बाजूच्या भागातून चार पाकळ्या कापल्या आणि बुचाभोवती अशा बसवल्या की दाब पडला की त्या पसरतात आणि कुबडी उचलली की मिटतात. आषाढात सुरू झालेले हे काम दिवाळीच्या आसपास बाईंच्या मनासारखे झाले, कारण मधल्या काळात पाकळ्यांना चिकटणारी माती, कडेने फाटणारे रबर आणि सिमेंटच्या रस्त्यावर होणारा अडथळा या तिन्ही गोष्टी एकेक करून सोडवाव्या लागल्या. आता हाताने फिरवायचा एक नट सोडवला की पाकळ्यांचा जोड निघतो आणि गावात साधी कुबडी उरते. उन्हाळ्यात जमिनीला पडलेल्या भेगांत टोक अडकत नाही, हा फायदा कोणीच आधी योजलेला नव्हता.

अजूनही जोरदार पावसानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत, अगदी चिकट गाऱ्यात (चिखलात), तो जोड कामाचा नाही. मुलांना याची खंत होती आणि त्यावर आणखी एक सत्र घालवायची त्यांची तयारी होती. बाईंनी त्यांना थांबवले. वाफसा आल्याशिवाय वावरात कोणीच उतरत नाही, तेव्हा त्या दोन दिवसांसाठी साधन करण्याची गरजच नाही, हे त्यांनी सांगितले. साधन कोणत्या परिस्थितीसाठी करायचे आणि कोणत्या परिस्थितीसाठी करायचे नाही, हे रचनेतले सर्वांत अवघड काम असते, आणि ते त्या गटात ज्या व्यक्तीने केले ती चौथी शिकलेली आहे. तुम्हीही त्या मुलांपुढे याच जागेवरून बसा.

जाता जाता एक सूचना. तुमची कुबडी काखेची असेल तर तिची उंची तपासून घ्या. वरची गादी काखेपासून दोन-तीन बोटे खाली असावी आणि भार हाताच्या मुठीवर घ्यावा; काखेवर लोंबकळून चालण्याने तेथील नस दाबली जाऊन हात बधिर होऊ शकतो. मूठ मनगटाच्या रेषेला आणि कोपर किंचित वाकलेले, हे माप लक्षात ठेवा.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. ती आधाराशिवाय बसू शकत नाही, म्हणून दिवसभर बाजेवर पडून असते. आम्ही गडचिरोली जिल्ह्यात आत राहतो. जवळच्या आयटीआयची मुले तिच्यासाठी खुर्ची करून देतो म्हणतात. करून घ्यावी का?

जरूर करून घ्यावी, परंतु सुतारकामाच्या आधी एका तपासणीची गरज आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तेथील फिजिओथेरपिस्टला मुलीला एकदा दाखवा आणि शक्य असेल तर त्या मुलांपैकी एकाला बरोबर न्या. मुलीचे स्नायू ताठ आहेत की ढिले, कंबरेचा सांधा जागेवर आहे का, मान किती वेळ सावरली जाते, यावर खुर्चीचा प्रत्येक कोन ठरतो. सर्वसाधारणपणे कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात असावेत, पाय लोंबकळत न राहता फळीवर टेकलेले असावेत आणि समोर हात ठेवायला पाटी असावी. पण सर्वसाधारण नियम तुमच्या मुलीला लागू पडतो की नाही हे तिला पाहूनच सांगता येते.

पहिली खुर्ची लाकडाची करू नका. खोक्याच्या पुठ्ठ्याचे थर खळीने एकावर एक चिकटवून दाबले की ते वाळल्यावर लाकडासारखे टणक होतात. कागद-पुठ्ठ्याची ही पद्धत झिंबाब्वेमध्ये विकसित झाली आणि पुढे अनेक देशांत दिव्यांग मुलांची आसने बनवण्यासाठी वापरली गेली. गडचिरोलीच्या पावसाळी दमटपणात पुठ्ठा टिकवणे कठीण आहे, त्यावर तेलरंगाचे हात द्यावे लागतील आणि जमिनीपासून तो उंच ठेवावा लागेल. तरीही मी तीच पद्धत सुचवते, कारण पुठ्ठा चाकूने कापता येतो, कोन चुकला तर तासाभरात बदलता येतो आणि मूल वाढले की नवे आसन करायला मन कचरत नाही. कोन एकदा नक्की झाले की मग सागाची किंवा प्लायवूडची खुर्ची करा, तीही पायाची फळी आणि पाटी खालीवर करता येईल अशी.

मुलगी बोलत नसेल, पण ती सांगत असते. कोणत्या आसनात ती हसते, कोणत्या आसनात हात पुढे करते, किती वेळाने कुरकुरते, याची नोंद तिच्या आईने वहीत ठेवावी आणि मुलांनी ती वही मोजमापाइतकीच गंभीरपणे वाचावी. खुर्चीत बांधून तिला तासन् तास ठेवू नका. सुरुवातीला वीस मिनिटे पुरेशी आहेत. आणि खुर्ची अंगणाकडे तोंड करून ठेवा, जेथून तिला येणारी-जाणारी माणसे दिसतील.

प्रश्न : मी अमरावती जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे नवा थ्रीडी प्रिंटर आहे आणि विद्यार्थ्यांना त्यावर साधने करायची आहेत. अशा प्रकल्पांना गुण कसे द्यावेत, हेही कळवावे.

प्रिंटर चांगला आहे, पण विदर्भाचा उन्हाळा लक्षात ठेवा. या प्रिंटरवर सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. बाहेर ४५ अंश तापमान असताना उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या छपरावर तेवढी उष्णता सहज होते, आणि मुठीचा आकार बिघडतो. ज्या भागावर माणसाचा भार येणार आहे, तो भाग आयटीआयच्या वेल्डिंग शाळेत लोखंडी पाइपचाच करावा. प्रिंटरचा उपयोग मापाचा नमुना काढण्यासाठी, चमच्याच्या जाड मुठीसाठी, लेखणी धरण्याच्या आधारासाठी करावा. तेथे तो खरोखर कामाचा आहे, कारण प्रत्येक हात निराळा असतो आणि आकृतीतले दोन आकडे बदलून दुसऱ्या हाताची मूठ काढता येते.

गुणांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. निम्मे गुण वस्तू दिल्यानंतरच्या एका महिन्याच्या वापराला ठेवा. विद्यार्थ्यांनी साधन दिले, महिन्याने परत गेले, काय झिजले आणि काय वापरलेच गेले नाही हे लिहिले, तर त्यांना ते गुण मिळावेत. साधन अपयशी ठरले असले तरी मिळावेत. ज्या गटाने दोन महिने संवाद करून ‘येथे नव्या साधनाची गरज नाही, दाराचा उंबरठा काढून उतार करायला हवा’ असा निष्कर्ष काढला आणि उंचीच्या बारापट लांबीचा उतार बांधून दिला, त्यालाही पूर्ण गुण द्या. परीक्षक म्हणून एका दिव्यांग व्यक्तीला मानधन देऊन बोलवा. आपल्या नियमांत हे बसत नाही असे कोणी म्हणाले, तर अंतर्गत मूल्यमापनापासून सुरुवात करता येईल.

प्रश्न : या साधनांचा खर्च कोणी करायचा? आमच्या ग्रामपंचायतीत विचारले तर निधी नाही म्हणतात. (कारंजा लाड, जि. वाशीम)

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायची आहे. लहान ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्नच तुटपुंजे असते हे खरे, म्हणून रक्कम लहान असेल. परंतु ती शून्य आहे की लहान आहे, हे ग्रामसभेत लेखी विचारा. व्हीलचेअर, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र अशी प्रमाणित साधने केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यामार्फत मिळतात. त्यासाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, जवळ असू द्या. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आहेत आणि त्यात आपल्या भागात आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

जे सरकारकडून मिळते ते विद्यार्थ्यांनी पुन्हा बनवू नये. मिळालेली व्हीलचेअर पांदण रस्त्यावर चालत नाही, तिची पुढची लहान चाके गाऱ्यात अडकतात, तेथे मोठे आणि रुंद पुढचे चाक बसवून देणे हे विद्यार्थ्यांचे काम. त्याला लागणारी रक्कम गावातूनही उभी राहू शकते.

प्रश्न : माझ्या आजीला पूर्वी कुष्ठरोग होता. उपचार पूर्ण झाले आहेत, पण हाताची बोटे वाकडी आहेत आणि तळव्याला काही जाणवत नाही. ती अजून चुलीवर स्वयंपाक करते आणि हात भाजून घेते. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी तिच्यासाठी काही करू शकते का?

तू करू शकतेस, आणि ज्या भागात तू राहतेस तेथे या कामाची मोठी परंपरा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले, आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. जाणीव गेलेला हात काम करू शकतो, फक्त त्याला वेगळी अवजारे लागतात, हे या ठिकाणी पिढ्यान् पिढ्या काम करणाऱ्या माणसांनी दाखवून दिले आहे. पायांसाठीची मऊ रबराची एमसीआर चप्पल तुझ्या परिचयाची असेलच. पायाखाली खडा टोचला तर आपल्याला दुखते आणि आपण पाय हलवतो. त्यांना दुखत नाही, म्हणून रबराने तो दाब पसरवून द्यायचा असतो. हाताचा विचारही असाच करायचा आहे.

आजीबरोबर चुलीपाशी बस आणि कोणत्या क्षणी भाजते ते पाहा. बहुधा कढईचे कान, भाकरी उलटताना तवा, आणि ज्याकडे सहसा लक्ष जात नाही तो स्टीलचा चहाचा पेला, या तीन जागा असतील. पेल्याऐवजी जाड कान असलेला कप हा एका दिवसाचा उपाय आहे. सांडशीच्या दोन्ही मुठींवर लाकडाचे जाड, गुळगुळीत कवच बसव. ते किती जाड असावे हे आजीच्या बोटांचा जेवढा विळखा होतो त्यावरून ठरव. ओल्या मातीचा गोळा तिच्या मुठीत दाबून घेतलास तर आकार आपोआप मिळेल आणि सुतार त्याप्रमाणे कोरून देईल. तिची सांडशी बदलू नकोस, तीच दुरुस्त कर, कारण तिची लांबी तिच्या हाताला ठाऊक आहे. डोळ्यांनी पाहून उष्णता ओळखण्याची तिने स्वतः बसवलेली काही युक्ती असेल, ती आधी विचारून घे आणि तिला धक्का लागेल असे काही करू नकोस.

नवी मूठ टोचते आहे की नाही हे आजीला सांगता येणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी तिने ती अर्धा तासच वापरावी. मग तुम्ही दोघींनी उजेडात बसून तिचा तळवा आणि बोटांच्या आतल्या बाजू नीट पाहाव्यात. कोठे लाली दिसली आणि ती वीस मिनिटांत गेली नाही, तर त्या जागचे लाकूड घासून कमी कर आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्या तासापासून सुरू कर.